स्वतःच्या चरबीतल्या पेशी टोचून भगंदर बरा होतो का? भावासाठी विचारणाऱ्या डिचोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ ३६ वर्षांचा, खाणपट्ट्यात टिपर चालवतो, चार वर्षं भगंदर आहे, दोनदा ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा दोन-तीन महिन्यांत परत पू यायला लागला. आता एमआरआयमध्ये हाय ट्रान्सस्फिंक्टेरिक फिस्टुला, म्हणजे स्नायूतून वरच्या बाजूने आरपार गेलेला भगंदर, आणि एक फाटा असं आलंय. गोव्याबाहेरचं एक क्लिनिक म्हणतं की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) टोचतो, चिरफाड नाही, संध्याकाळी घरी, साडेतीन लाख. आणि तुम्ही आईचं सोनं बँकेत ठेवायच्या विचारात आहात.

मी सर्जन आहे, २४ वर्षं हेच काम करतोय, म्हापशाला. आत्ता ते पैसे भरू नका आणि सोनं तर मुळीच ठेवू नका. पण एवढंच सांगून थांबलो तर तुम्हाला वाटेल की गोव्यातल्या डॉक्टरला नवीन काही ठाऊक नाही म्हणून नको म्हणतोय, आणि भाऊ तिथे जाणारच. शिवाय ही कल्पना थोतांड नाहीये, तिच्यामागे वीस वर्षांचं खरं काम आहे, म्हणून सगळं नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी भगंदर म्हणजे नेमकं काय ते, कारण दोन ऑपरेशनं झालेल्या पेशंटलाही बऱ्याचदा हे कुणी बसवून सांगितलेलं नसतं. गुदद्वाराच्या आत साधारण दोन-तीन सेंटीमीटरवर बारीक ग्रंथी असतात, आतला आणि बाहेरचा अशा दोन स्नायूंच्या मधे. त्यातली एखादी तुंबते, पू होतो, तो वाट काढत कातडीकडे येतो, गळू फुटतं, आणि आतलं तोंड ते बाहेरचं तोंड असा बोगदा तयार होतो. आमच्याकडे नदीकाठच्या खाजन शेतीचे बांध ज्यांनी बघितलेत त्यांना मी नेहमी हेच सांगतो, कुर्ल्यांनी बांधात बीळ पाडलं की भरतीचं पाणी शेतात शिरतं, तुम्ही शेताच्या बाजूने कितीही चिखल थापा, नदीच्या बाजूचं तोंड उघडं आहे तोवर पाणी येणारच. भगंदरात नदीची बाजू म्हणजे आतलं तोंड. बाहेरची जखम भरते, घरचे म्हणतात बरं झालं, आणि महिन्याभराने परत डाग.

मग बोगदा सरळ उघडून का टाकत नाहीत? खालचा, साधा असेल तर तेच करतो आणि बहुतेक लोक बरे होतात. पण भावासारखा बोगदा बाहेरच्या स्नायूचा बराच भाग ओलांडून जात असेल तर तो उघडायचा म्हणजे स्नायू कापायचा, आणि तो स्नायू आपल्याला शौच आणि गॅस धरून ठेवायला लागतो. दिवसभर टिपरवर बसणाऱ्या ३६ वर्षांच्या माणसाला कपड्यात कधी काय होईल याची भीती घेऊन जगायला लावणं, त्यापेक्षा थोडा पू परवडला. म्हणून जगभरचे सर्जन स्नायू न कापता हे कसं बंद करता येईल याच्या मागे लागलेत, आणि चरबीतल्या पेशी तिथूनच आल्या.

२००१ मध्ये अमेरिकेत लायपोसक्शनच्या, म्हणजे नळीने शोषून काढलेल्या चरबीत मूळ पेशी सापडल्याचं छापून आलं, बोन मॅरोमध्ये मिळतात तशाच पण कितीतरी जास्त संख्येने आणि काढायला सोप्या. माद्रिदच्या ला पाझ हॉस्पिटलमधल्या गार्सिया-ओल्मो या सर्जनच्या टीमने २००३ मध्ये क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या एका बाईचा, मलाशय आणि योनी यांच्यामधला, बऱ्याचदा ऑपरेशन करूनही न भरलेला फिस्टुला तिच्याच चरबीतल्या पेशींनी भरल्याचं लिहिलं. मग २००९ चा त्यांचा अभ्यास आला. ४९ पेशंट, निम्म्यांना नुसता फायब्रिन ग्लू (रक्त साकळवणाऱ्या प्रथिनाचा गोंद), निम्म्यांना ग्लू आणि स्वतःच्या पेशी. पेशीवाल्या २४ पैकी १७ भरले, नुसत्या ग्लूवाल्या २५ पैकी ४. म्हणजे ७१ टक्के आणि १६ टक्के. मला आठवतंय, तो पेपर वाचून मी खरंच उत्साहात होतो, कारण त्या काळात हाय फिस्टुलाच्या पेशंटला द्यायला माझ्याकडे सेटन (निचऱ्यासाठी बोगद्यात ठेवायची दोरी) आणि धीर याशिवाय फार काही नव्हतं.

क्लिनिकच्या जाहिरातीत जो ७० टक्क्यांच्या वरचा आकडा असतो तो बहुधा इथूनच आलेला असतो. पुढचं ते सांगत नाहीत.

२०१२ मध्ये त्याच स्पॅनिश गटाचा मोठा अभ्यास आला, २०० पेशंट, सगळे भावासारखे, म्हणजे क्रोन्स नसलेले, ग्रंथीतून झालेले गुंतागुंतीचे भगंदर. तीन गट: नुसत्या पेशी, पेशी आणि ग्लू, नुसता ग्लू. सहा महिन्यांनी भरले किती? ३९ टक्के, ४३ टक्के आणि ३७ टक्के. म्हणजे पेशी टोचल्या काय आणि नाही टोचल्या काय, सांगण्यासारखा फरक नाही. ताई, भावाच्या प्रकारच्या भगंदरावर स्वतःच्या चरबीतल्या पेशींचा जो सगळ्यात मोठा अभ्यास मला माहीत आहे तो हाच, आणि हा आकडा क्लिनिकच्या माणसाला विचारा, त्याला माहीत असायला हवा.

आता क्रोन्सचं बोलू, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे आणि त्यातच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. क्रोन्स म्हणजे आतड्याचा दीर्घ दाहाचा आजार, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते आणि गुदद्वाराजवळ फिस्टुले होतात. या पेशी तिथे जाऊन कातडी किंवा स्नायू बनतात असं लोकांना वाटतं, जाहिरातीतही बोगद्यात नवीन मांस उगवताना दाखवतात, पण तसं काही होत नाही. टोचलेल्या पेशी थोड्या दिवसांत-आठवड्यांत नाहीशा होतात. जिवंत असेपर्यंत त्या आजूबाजूचा दाह ओळखतात, प्रतिकारपेशींना शांत करणारी द्रव्यं सोडतात आणि भरून यायला वाव देतात. चिखल म्हणून थापायची वस्तू नव्हे, भांडण मिटवायला आलेला शेजारी म्हणा. त्यामुळे जिथे मूळ भांडणच प्रतिकारशक्तीचं आहे तिथे, म्हणजे क्रोन्समध्ये, त्या जास्त कामाला येतील असा तर्क होता आणि तो बरोबर वाटत होता.

दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये क्रोन्सच्या फिस्टुलासाठी पेशंटच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशींना मंजुरी दिली. युरोपात वेगळी वाट धरली, दुसऱ्या निरोगी दात्याच्या चरबीतल्या पेशी वाढवून तयार औषध केलं, १२ कोटी पेशींचा एक डोस. २०१६ मध्ये २१२ पेशंटच्या अभ्यासात २४ आठवड्यांनी पेशीवाल्यांपैकी ५० टक्के आणि सलाईनवाल्यांपैकी ३४ टक्के बरे. २०१८ मध्ये युरोपात मंजुरी, अलोफिसेल नावाने बाजारात. मग अजून मोठा अभ्यास केला, ५६८ पेशंट, २०२३ मध्ये निकाल आला. ४८.८ टक्के विरुद्ध ४६.३ टक्के. फरक गेला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं.

आता नीट बघा हं, मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगतो. पेशीवाले तसेच पन्नासच्या आसपास राहिले. वर चढले ते सलाईनवाले, ३४ वरून ४६. नुसत्या मिठाच्या पाण्याने ४६ टक्के फिस्टुले भरतात होय? पाण्याने नाही. त्या सलाईनवाल्यांनाही बाकी सगळं तेच केलं होतं: भूल देऊन तपासणी, बोगद्यातला सगळा पू आणि कुजका भाग खरवडून साफ, गरज तिथे सेटन घालून काही आठवडे निचरा, मग सेटन काढून आतलं तोंड टाक्याने बंद, आणि शेवटी बोगद्याच्या भिंतीत सलाईनचं इंजेक्शन. म्हणजे रोजचं, कंटाळवाणं, कुणी जाहिरात करत नाही असं काम नीट केलं तर जवळजवळ निम्मे लोक त्यानेच बरे झाले, तेही क्रोन्सचे, जे सगळ्यात अवघड मानले जातात. म्हणून कुणी पेशींबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, ते आधीचं काम झालंय का?

आणि इथे मला माझी एक चूक सांगायला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी काणकोणचे एक रापणकार, म्हणजे जाळं ओढून मासे धरणारे, मामा आले होते, दोनदा ऑपरेशन झालेला फिस्टुला, मी तिसऱ्यांदा ऑपरेशन केलं. एमआरआय काढला नाही. पेशंटचा खर्च वाचवावा हा हेतू होता आणि बोटाला रेषा स्पष्ट लागत होती, प्रोब (तपासायची बारीक सळई) सरळ गेला, मला वाटलं झालं. तीन महिन्यांत परत. मग एमआरआय काढला तर मागच्या बाजूला घोड्याच्या नालासारखी पूची पोकळी, डावीकडून उजवीकडे गेलेली, आणि मी फक्त एका बाजूचा बोगदा साफ केला होता. मामांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पुढच्या वेळी येताना सुंगटं (कोळंबी) घेऊन आले, आणि ते मला अजून टोचतं. त्यानंतर परत झालेल्या एकाही फिस्टुलाला मी एमआरआयशिवाय हात लावलेला नाही. त्या पोकळीत दहा कोटी पेशी टोचल्या असत्या तरी त्या पुवात मेल्या असत्या. आधी निचरा, बाकी सगळं नंतर.

आता तुमच्या क्लिनिककडे येऊ. सगळं एका दिवसात, संध्याकाळी घरी, हे मला खटकलं, कारण मी वर सांगितलेल्या माद्रिद आणि कोरियातल्या अभ्यासांत स्वतःच्या पेशी एका दिवसात दिलेल्या नाहीत. आधी चरबी काढतात. सिरिंजमध्ये ती थोडा वेळ उभी ठेवली की तीन थर होतात, वर तेल, मधे पिवळी दाणेदार चरबी, खाली लालसर पाणी. मधल्या थरात एन्झाइम घालून शरीराच्या तापमानाला हलवत ठेवतात, मग सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी छोटीशी गोळी बसते. या गोळीला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन म्हणतात, तिच्यात रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, प्रतिकारपेशी सगळं मिसळ असतं आणि मूळ पेशी त्यातला थोडाच भाग. प्रयोगशाळेत ही गोळी फ्लास्कमध्ये ठेवतात, मूळ पेशी प्लास्टिकला चिकटतात, बाकीच्या धुऊन जातात, मग त्या काही आठवडे वाढवत नेऊन २ कोटी, ४ कोटी अशी मोजलेली संख्या तयार होते, जंतू नाहीत ना याच्या तपासण्या होतात, आणि मग पेशंटला परत बोलावून टोचतात, निम्म्या आतल्या तोंडाभोवती आणि निम्म्या बोगद्याच्या भिंतीत, वरवर, खोल नाही. म्हणजे सकाळी चरबी काढून संध्याकाळी घरी पाठवणारं क्लिनिक देतंय ती न वाढवलेली, न मोजलेली मिसळ, आणि आकडे दाखवतंय ते वाढवून मोजलेल्या पेशींचे. ही दोन वेगळी औषधं आहेत. वालपईचा काजू दाखवून दुसराच काही विकल्यासारखं.

न वाढवलेली ताजी चरबी टोचण्याचंही काम झालंय, ते लपवत नाही. डेन्मार्कमध्ये आरहूसला क्रोन्सच्या २१ पेशंटना त्यांचीच ताजी चरबी टोचली आणि १२ जणांचे फिस्टुले पूर्ण भरले, काहींना एकापेक्षा जास्त वेळा टोचावं लागलं. २०१९ चं काम आहे, मला ते आवडतं कारण साधं आहे आणि मोठी लॅब लागत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने पेशंटच्या चरबीतल्या पेशी एका विरघळणाऱ्या प्लगवर वाढवून तो प्लग बोगद्यात बसवला, १२ पैकी १० जणांचं सहा महिन्यांनी भरलेलं होतं. चांगलेच निकाल आहेत. पण २१ आणि १२ पेशंट, तुलनेला दुसरा गट नाही, आणि दोन्हीकडे क्रोन्सचे पेशंट. स्पेनच्या २४ जणांत ७१ टक्के दिसले होते आणि २०० जणांत काय झालं ते आपण बघितलंच. म्हणून छोट्या अभ्यासावर आशा ठेवावी, सोनं ठेवू नये.

स्वतःच्या पेशी म्हणजे धोका शून्य, असंही काही नाही. स्वतःच्या असल्यामुळे शरीर त्या परक्या मानत नाही हे खरं, मोठ्या अभ्यासांत घाबरण्यासारखं काही दिसलेलं नाही हेही खरं. पण चरबी काढताना रक्त साकळणं, जंतुसंसर्ग होणं हे असतं, आणि लॅब नीट नसेल तर तुमचीच पेशी जंतू घेऊन परत तुमच्यात येते, तेही अशा जागी जिथे आधीच पू आहे. क्रोन्सच्या पेशंटचं तर अजून वेगळं, आजारपणाने माणूस इतका सुकलेला असतो की पोटावर चिमूट धरायला चरबी मिळत नाही, म्हणूनच तर युरोपवाल्यांनी दुसऱ्याच्या चरबीची वाट धरली असं मला वाटतं.

कायद्याचंही ऐका, हे फार लोकांना माहीत नाही. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्यानुसार स्टेम सेलचा नेहमीचा, मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो वगैरे प्रत्यारोपण. बाकी आजारांत मंजूर झालेलं उत्पादन नसेल तर ते फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायचं, ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत झालेली असली पाहिजे, नैतिक समितीची परवानगी पाहिजे, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे जो साडेतीन लाख मागतोय तो ट्रायल करत नाहीये, आणि ट्रायल नसेल तर त्याने हे करायचंच नाही. फोन करून फक्त एवढं विचारा की तुमचा सीटीआरआय नंबर काय. खरा नंबर दिला तर सरकारच्या साइटवर टाकून बघा, त्यात कुठला आजार, किती पेशंट, कोण जबाबदार सगळं दिसतं. नंबरऐवजी तुम्हाला पेशंटचे व्हिडिओ पाठवले तर उत्तर मिळालं समजा.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, फोंड्याची, कॉलेजात शिकणारी, अशाच एका ठिकाणी, नाव नको, चरबीच्या पेशी टोचून घेऊन. चार महिने झाले होते, पू थांबला नव्हता, वजन ३८ किलो. पोटावर लायपोसक्शनचे दोन बारीक व्रण आणि फाइलमध्ये एक छान रंगीत सर्टिफिकेट, पेशींचं. पण कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, नाही. बायोप्सी नाही. मी भुलीखाली तपासून बोगद्याच्या भिंतीचे दोन तुकडे घेतले, एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा साध्या सलाईनमध्ये टीबीच्या जीनएक्सपर्ट चाचणीला. टीबी निघाला. सहा महिने टीबीच्या गोळ्या, सरकारी, फुकट, आणि फिस्टुला भरला, मी सेटन सोडून काहीही केलं नाही. आता ती मुलगी नोकरीला आहे.

म्हणून भावाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न हाच आहे. दोनदा ऑपरेशन झालं, दोनपैकी एकदा तरी काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का? फाइल बघा. आणि टीबी बघायचा असेल तर सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून चालत नाही, फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही, हे ऑपरेशनच्या आधी सर्जनला आठवण करून दिली तर कुणी रागावणार नाही, रागावला तर तुम्ही रागवा. त्याला जुलाब, पोटदुखी, तोंडात फोड, वजन कमी होणं असलं काही आहे का? असेल तर कोलोनोस्कोपी, क्रोन्स बघायला. क्रोन्स निघाला तर मार्गच बदलतो, मग इन्फ्लिक्सिमॅबसारखी, प्रतिकारशक्ती आवरणारी इंजेक्शनं लागतात, आणि ती सुरू करायच्या आधी परत छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी, कारण त्या औषधाने झोपलेला टीबी उठतो. साखरही बघा, ट्रकवाल्यांमध्ये मला कितीतरी जणांना तिशीतच डायबेटिस सापडतो, जेवणाची वेळ नाही, झोपेची वेळ नाही. बिडी-सिगरेट असेल तर ती बंद, हे मी नीतीचं सांगत नाहीये, आतल्या तोंडाचा टाका धरायला रक्तपुरवठा लागतो म्हणून सांगतोय.

हे सगळं नकारात्मक आलं, म्हणजे साधाच पण वरचा, फाटा असलेला भगंदर आहे असं ठरलं, तर मी काय करेन? पहिल्या खेपेला फक्त फाटा उघडून साफ करेन, पोकळी असेल तर निचरा, आणि मुख्य बोगद्यातून एक सैल सेटन, म्हणजे मऊ सिलिकॉनची दोरी, गाठ मारून सोडून देईन. सैल. ती कापायला नसते, वाट उघडी ठेवायला असते. लोकांना दोरी घेऊन घरी जायचं म्हटलं की कसंतरी होतं पण पंधरा दिवसांनी तेच सांगतात की दुखणं गेलं, ताप गेला, बसता येतं. भाऊ ती घेऊन गाडीही चालवू शकेल, दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं आणि घरी आल्यावर कोमट पाण्याच्या टबात बसायचं. आठ-दहा आठवड्यांनी बोगदा बारीक आणि कोरडा झाला की दुसरी खेप, लिफ्ट नावाचं ऑपरेशन, थायलंडच्या रोजनासकुल या सर्जनने २००७ मध्ये मांडलेलं: दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जाऊन बोगदा बांधायचा आणि कापायचा, स्नायू शाबूत. शंभरातले साठ-सत्तर त्याने बरे होतात. उरलेल्यांतही बऱ्याच जणांचा बोगदा आखूड, सोपा होऊन येतो आणि मग तो उघडता येतो. माझ्या हातचे आकडेही साधारण असेच आहेत.

तुम्ही क्षारसूत्राबद्दलही, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याबद्दलही, शेवटी एका ओळीत विचारलंय, ते टाळत नाही. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितलेत, उंटाच्या मानेसारखा तो उष्ट्रग्रीव, शंखाच्या वळणांसारखा तो शंबूकावर्त, म्हणजे फाटे आणि वळणं असतात हे त्यांनाही दिसत होतं. क्षारसूत्राच्या दोऱ्यावर स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप असतात, चवथीच्या पत्रीत असतो तोच आघाडा. आयसीएमआरने पाचशे पेशंटवर याची ऑपरेशनशी तुलना केली होती, १९९१ मध्ये छापली, क्षारसूत्रात परत होण्याचं प्रमाण ४ टक्के, ऑपरेशनमध्ये ११, पण भरायला क्षारसूत्राला दुप्पट वेळ, आठ आठवडे विरुद्ध चार. भक्कम काम आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण क्षारसूत्र स्नायू हळूहळू कापतच जातं, त्यामुळे स्नायूचा बराच भाग आत असेल तर मी जपून म्हणतो, आणि करणारा शल्यतंत्रात एमएस झालेला, एमआरआय बघणारा पाहिजे, दर आठवड्याला दोरा बदलायला जायची तयारी पाहिजे. पेडण्याला धारगळला आयुर्वेद संस्था आहे, शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे जाऊन दाखवा, फेसबुकवर सापडलेल्या माणसाकडे नको.

पैशांचं. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, सर्जरीची ओपीडी आहे, तिथे हे काम होतं. रांग असते, पहाटे निघावं लागेल, पण तिथल्या पोरांनी जेवढे फिस्टुले बघितलेत तेवढे त्या क्लिनिकच्या मालकाने बघितले नसतील. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर खासगीत जायच्या आधी तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का ते हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारून घ्या, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे.

उद्या कुणी आपल्याकडे नीट ट्रायल काढली, नोंद असलेली, फुकट, वाढवून मोजलेल्या पेशींची, आणि भावाचा लिफ्टनंतरही परत आला, तर मी स्वतः त्याचं नाव पाठवेन. हे मी मनापासून सांगतोय. ते विज्ञान मेलेलं नाही, कुठल्या पेशंटला, कुठल्या वेळी, किती डोस हे अजून शोधतायत, आणि तुमच्या भावाला आज ज्याची गरज आहे ते त्याच्या आधीचं काम आहे.

कुठेही दाखवायला जाल तेव्हा एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या, कारण फाटा आम्हाला चित्रात बघावा लागतो आणि रिपोर्टमध्ये तो एका ओळीत संपतो. जुन्या दोन्ही ऑपरेशनांची डिस्चार्ज समरी हवी, आणि बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉकही (काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) त्या लॅबकडून मागून घ्या, लॅब काही वर्षं तो ठेवते आणि अर्ज दिला की देते. भावाला म्हणावं येताना नाश्ता करून ये, एनिमा वगैरे काही नको, आणि गाडी दुसऱ्याला चालवायला दे.